युद्धकैद्यांचं स्मरण : इंदूर परिसरातल्या मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, महू, देवास भागातल्या कित्येक मराठी घरांत एखादं पदक, एखादं फिकट पोस्टकार्ड आणि ‘पणजोबा कैदेत होते’ एवढं एक वाक्य शिल्लक आहे. त्या वाक्यापासून नीट कोरलेल्या नावापर्यंत कसं पोहोचायचं, हे इथे सांगितलं आहे. स्मरणात भाषणं आणि हारतुरे दुय्यम असतात. माणसाचं पूर्ण नाव आणि त्याच्या बाबतीत नेमकं काय घडलं, या दोन गोष्टी बरोबर लिहिल्या पाहिजेत.

युद्धकैदी कोणाला म्हणायचं आणि बेपत्ता कोणाला?

शत्रूच्या हाती जिवंत सापडलेला सैनिक म्हणजे युद्धकैदी. १९२९ आणि पुढे १९४९ च्या जिनिव्हा करारांनी त्याचे हक्क ठरवले. कैद झाल्याची खबर आली नाही आणि मृतदेहही मिळाला नाही, तर नोंद ‘बेपत्ता’ अशी होते. कागदावर हे दोन वेगळे रकाने असले तरी घरच्या आठवणीत त्यांची सरमिसळ झालेली असते. त्यामुळे शोध सुरू करताना ‘कैदेत निधन’, ‘कैदेतून परत’ आणि ‘बेपत्ता’ यांपैकी कोणत्या शब्दाला कागदाचा आधार आहे, ते एका वहीत लिहून ठेवा. आधार नसेल तर तेही लिहा.

घरात फक्त पदकं आहेत. त्यावरून काही कळतं का?

पुष्कळ कळतं, फक्त आधी हात आवरा. पदक चकचकीत करायला पितांबरी, चिंच किंवा राख लावू नका. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर, म्हणजे नाण्याला दातरे असतात त्या जागी, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या ताऱ्यांवर नावं नसत. भारतीय फौजेला दिलेल्या ताऱ्यांवर मात्र मागच्या बाजूला नंबर आणि नाव कोरून मिळे. दोन-तीन दिवाळ्यांच्या घासाघाशीत ही अक्षरं बुजतात.

पदक मऊ सुती कापडावर ठेवा. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड एका बाजूने, जवळजवळ आडवा टाका. खोदलेल्या अक्षरांत सावली भरते आणि नंबर वाचता येतो. पदक थोडं थोडं फिरवत पूर्ण कडेचे सहा-आठ फोटो घ्या. नाव सारखं असलेली दहा माणसं निघतात, म्हणून नावापेक्षा नंबर मोलाचा.

ताऱ्याच्या प्रकारावरून आघाडी कळते : आफ्रिका स्टार उत्तर आफ्रिकेचा, बर्मा स्टार ब्रह्मदेशाचा, तर मलाया-सिंगापूरच्या लढाईला पॅसिफिक स्टार होता. केवळ कैदेत होते म्हणून वेगळं ब्रिटिश पदक नव्हतं. त्यामुळे ‘कैदेचं पदक हरवलं असेल’ म्हणून शोधत बसू नका.

जुनं पोस्टकार्ड सापडलं, पण मजकुरात ‘मी खुशाल आहे’ याशिवाय काही नाही.

मजकूर सेन्सॉरच्या नजरेखालून जायचा, म्हणून तो कोरडाच असणार. जपानी छावण्यांतून येणाऱ्या कार्डांवर तर पुढे पुढे २५ शब्दांचीच मुभा होती. तेव्हा मजकुराची बाजू उलटा आणि पत्ता, छापील ओळी व शिक्के पाहा. जर्मन कार्डावर ‘स्टालाग’ किंवा ‘फ्रॉन्टस्टालाग’ आणि पुढे आकडा असतो. इटालियन कार्डावर ‘पी.जी.’ आणि आकडा. हा आकडा म्हणजे छावणीची ओळख. उदाहरणार्थ, पी.जी. ९१ म्हणजे मध्य इटलीतलं आव्हेझ्झानो, जिथे भारतीय कैदी ठेवले होते. फ्रान्सच्या एपिनाल इथेही भारतीयांची मोठी छावणी होती. ११ मे १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तिच्या भिंती पडल्या आणि शेकडो भारतीय कैदी पायी निघून स्वित्झर्लंडच्या हद्दीत पोहोचले. घरात ‘आजोबा स्वित्झर्लंडला होते’ असं कोणी म्हणत असेल, तर ती थाप समजून सोडून देऊ नका.

मजकूर मोडीत असेल तर नातवंडांकडून अंदाजे वाचून घेण्यापेक्षा मोडी जाणणाऱ्याला मूळ कार्डाचा स्कॅन द्या. मोडीत गावाचं आणि माणसाचं नाव चुकीचं लागायला एक वळण पुरतं.

मराठी सैनिक मुख्यतः कुठे कैद झाले?

दोन ठिकाणं सगळ्यांत महत्त्वाची. पहिलं मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं, कूत-अल-अमारा. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ ला तिथली ब्रिटिश-हिंदुस्थानी फौज तुर्कांना शरण गेली. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. पुढची पायपीट, उपासमार आणि बगदाद रेल्वेच्या कामावरची मजुरी यांत फार माणसं गेली. दुसरं ठिकाण लिबियातलं तोब्रुक. २१ जून १९४२ ला ते पडलं, तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, म्हणजे ‘काली पांचवी’, कैद झाली. त्यांना समुद्रापार इटलीला नेलं. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीचा युद्धविराम जाहीर झाल्यावर काही निसटले, बाकीच्यांना जर्मनांनी उत्तरेकडे हलवलं.

पूर्वेकडे १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर भारतीय कैदी एकत्र केले गेले, साधारण ४० ते ४५ हजार. त्यांपैकी हजारो पुढे न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या बेटांवर मजुरीला पाठवले गेले. तिथले मृत्यू कळायला घरच्यांना युद्ध संपेपर्यंत, कधी त्याहूनही जास्त थांबावं लागलं, कारण जपानकडून जिनिव्हाला रेडक्रॉसकडे जाणाऱ्या याद्या अपुऱ्या आणि उशिराच्या होत्या. स्वातंत्र्यानंतर १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही आपले सैनिक कैद झाले.

कैदेत वारलेल्याचं नाव कुठे सापडेल?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन, म्हणजे दोन्ही महायुद्धांत वारलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, हिच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. त्यांच्या कक्षेत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू येतात. म्हणजे कैदेतून सुटून आजारी परतलेला आणि १९४६ मध्ये नोकरीत असताना इथे वारलेला माणूसही यादीत असू शकतो. नोकरीतून मोकळा झाल्यावर वारला असेल, तर मृत्यू सेवेमुळेच झाला याचा कागद लागतो.

शोध फसतो तो स्पेलिंगवर. इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलं. जाधव हे ‘जाधाओ’ किंवा ‘जादो’ म्हणून येतात, शिंदे ‘सिंदे’ होतात, ‘ळ’ च्या जागी कधी एल तर कधी आर. शिवाय आडनावाच्या रकान्यात पुष्कळदा पहिलंच नाव असतं. म्हणून असं करा : नावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाका, ‘इंडियन आर्मी’ निवडा, युद्ध निवडा आणि मृत्यूच्या वर्षाने यादी लहान करा. मग प्रत्येक नोंदीतलं ‘अमुक याचा मुलगा, अमुक गावचा’ हे वाक्य वाचा. इंदूर, ग्वाल्हेर, देवास यांच्याऐवजी मूळ कोकणातलं किंवा साताऱ्याकडचं गाव लिहिलेलं असण्याचा संभव बराच आहे, कारण भरती तिकडच्या पत्त्यावर झालेली असे. नाव किंवा गाव चुकलं असेल तर कमिशनकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत त्या काळचा कागद जोडावा लागतो, आजचं प्रतिज्ञापत्र पुरत नाही.

नोंद मिळाली, पण कबर नाही असं का?

हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे शक्य होतं तिथे अग्नी दिला गेला. त्यांची नावं दहन-स्मारकांवर आहेत. इटलीत सांग्रो नदीजवळच्या दफनभूमीत अशा ५०० हून अधिक भारतीयांचं स्मारक आहे. जिथे अवशेषच मिळाले नाहीत तिथे नावं मोठ्या भिंतींवर गेली : सिंगापूरला क्रांजी इथे २४ हजारांहून अधिक नावं आहेत.

कूतच्या बाबतीत एक जुना अन्याय आहे आणि तो स्पष्ट सांगायला हवा. बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीवार फक्त संख्या दिली. कमिशनच्याच समितीने २०२१ च्या अहवालात असा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. तेव्हा भिंतीवर नाव नाही म्हणजे तो माणूस तिथे नव्हता असा अर्थ काढू नका, नोंदवहीत आणि संकेतस्थळावर शोधा. हे नाव आपल्या गावात कोरायचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

दिल्लीच्या दोन स्मारकांतही गल्लत होते. इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धाची आणि १९१९ च्या अफगाण लढाईची नावं आहेत. २०१९ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात स्वातंत्र्यानंतरची आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्याचं नाव या दोन्ही जागी सापडणार नाही.

जे जिवंत परतले, त्यांची नोंद कुठे?

हा शोध अवघड. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची रेडक्रॉसची यादी ऑनलाइन खुली आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी जिनिव्हाच्या अभिलेखागाराकडे अर्ज करावा लागतो. ते वर्षातून ठरावीक वेळाच, मर्यादित संख्येने अर्ज घेतात, म्हणून नंबर, वडिलांचं नाव आणि पलटण आधी तयार ठेवा.

भारतात पलटणीच्या केंद्राला लिहा : मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी (लष्करी अभियंते) खडकी, तोफखान्यासाठी नाशिक रोड. पंजाब, बलुच किंवा फ्रंटियर फोर्सच्या पलटणीत असतील तर फाळणीत कागद पाकिस्तानकडे गेले असण्याची शक्यता धरा. होळकर संस्थानच्या फौजेत असतील तर ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्याच्या यादीत शोधू नका, भोपाळच्या राज्य अभिलेखागारात संस्थानी दप्तर पाहावं लागेल. पत्र एका पानाचं लिहा, एका पत्रात एकाच माणसाची चौकशी करा आणि मूळ कागद कधीही टपालाने पाठवू नका.

आजोबा आझाद हिंद सेनेत गेले होते, त्यांचे भाऊ गेले नाहीत. दोघांची नावं एका पाटीवर घालावीत का?

जरूर घालावीत. दोघेही आधी युद्धकैदीच होते. एकाने देशासाठी नवी शपथ घेतली, दुसऱ्याने जुनी मोडली नाही आणि त्यापायी बेटांवरची मजुरी सोसली. युद्धानंतर इंग्रजांनी परतलेल्यांची निष्ठा तपासून ‘पांढरे, करडे, काळे’ अशी वर्गवारी केली आणि कित्येक घरांतला अबोलाही तिथूनच सुरू झाला. पाटीवर तुलना नको. ‘युद्धकैदी, पुढे आझाद हिंद सेना’ आणि ‘युद्धकैदी, न्यू गिनी’ असं सरळ लिहावं. आझाद हिंद सेनेचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. घरात स्वातंत्र्यसैनिक पेन्शनची फाइल असेल तर कैदेच्या तारखा बहुधा तिच्यातच मिळतील.

१९७१ च्या बेपत्ता जवानांच्या घरच्यांना कार्यक्रमाला बोलावताना काय पाळावं?

१ डिसेंबर १९७२ ला वाघा सीमेवरून सहाशेच्या वर भारतीय कैदी परतले. त्यांत नसलेल्या ५४ जणांना सरकार बेपत्ता युद्धकैदी मानतं. पाकिस्तान आपल्या ताब्यात कोणी असल्याचं नाकारत आलं आहे. जून २००७ मध्ये नातेवाइकांच्या गटाने तिकडच्या तुरुंगांत जाऊन पाहिलं, पण कोणी भेटलं नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे हे त्या यादीतलं मराठी घरांना सर्वांत परिचित नाव.

अशा घरात फोटोला हार नसतो. तुम्हीही घालू नका, फोटोपुढे दिवा किंवा सुटी फुलं चालतील का ते आधी विचारा. निमंत्रणपत्रिकेत ‘कै.’ लिहू नका, ‘शहीद’ही नको. पत्नीचा उल्लेख ‘वीरनारी’ असा करायचा की फक्त नावाने, हे त्यांनाच ठरवू द्या. कुंकू लावायच्या वेळी त्यांना वगळणं किंवा मुद्दाम पुढे करणं, दोन्ही टोचतं. तबक सगळ्यांपुढे सारखंच फिरवावं. भाषणात ‘आता त्यांना शांती लाभो’ असं वाक्य येणार नाही, हे वक्त्याला आधीच बजावून ठेवा. नेमकं तेच वाक्य निसटतं.

मृत्यूची तिथीच माहीत नाही. श्राद्ध कधी करायचं?

तारीख माहीत असेल तर जुन्या पंचांगावरून तिथी काढता येते. ती कळत नसेल तर सर्वपित्री अमावास्या. युद्धात शस्त्राने गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी मानतात. बेपत्ता माणसासाठी शास्त्रात बारा वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करून करायचा पालाशविधी आहे. कायदा सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरतो, पण विधी करायचा की नाही हा निर्णय पत्नी आणि मुलांचाच. त्यावर समाजाने मत देऊ नये.

पाटी कशी करावी?

काळा ग्रॅनाइट घ्या. पितळी पाटी चोरीला जाते आणि पांढऱ्या संगमरवरातली अक्षरं पाच-सात पावसाळ्यांत पुसट होतात. चार फूट बाय अडीच फूट, २० मिलिमीटर जाड शिळा साधारण ५० किलो भरते. ती नुसत्या चिकटवणीवर भिंतीला लावू नका, चार कोपऱ्यांत स्टेनलेस स्टीलच्या खुंट्या हव्यात. नावाचं अक्षर २० मिलिमीटर उंच आणि दोन ते तीन मिलिमीटर खोल ठेवा. देवनागरीत वर-खाली मात्रा येतात, म्हणून ओळीतलं अंतर ४५ मिलिमीटरहून कमी केलं तर उकार खालच्या रेफावर आदळतो. या हिशेबाने दोन स्तंभांत वीसेक नावं बसतात. पाव शिळा रिकामी सोडा, कारण पाटी लागल्यावरच आणखी घरं पुढे येतात.

इंदूरमध्ये खरी अडचण ‘ळ’ ची. कोरणारा हिंदीभाषक असतो आणि त्याला ‘साळुंके’ची ‘सालुंके’, ‘काळे’ची ‘काले’ करायची सवय असते. ‘ऱ्ह’ तर हमखास तुटतो : ‘कऱ्हाडे’ हे नाव तीनदा तपासा. संगणकावरचा मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की जोडाक्षरं फुटतात. म्हणून मजकूर पीडीएफमध्ये द्या, प्रत्यक्ष मापाचा कागदी छाप काढून घ्या, प्रत्येक घरातल्या एका माणसाची त्यावर सही घ्या आणि मगच कोरायला सांगा. दगडावर चूक झाली तर पूर्ण शिळा बदलावी लागते.

प्रत्येक ओळीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पलटण, कैदेचं ठिकाण आणि स्थिती एवढंच लिहा. क्रम वर्णानुक्रमे ठेवा, हुद्द्यानुसार नको. राजमुद्रा वापरू नका, २००५ च्या कायद्याने मनाई आहे. लाल क्रॉसही परवानगीशिवाय चालत नाही, तो १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने राखीव आहे. पलटणीचं चिन्ह हवं तर केंद्राची लेखी संमती घ्या. जागा सार्वजनिक असेल तर नगर निगमची परवानगी, समाजाच्या वास्तूत असेल तर विश्वस्तांचा ठराव, आणि दोन्हीकडे ‘देखभाल कोण करणार’ हे लेखी हवं.

अनावरण कसं करावं?

तिरंग्याने पाटी झाकू नका, ध्वजसंहितेत त्याला मनाई आहे. साधं पांढरं किंवा केशरी कापड घ्या. नावं एक-एक करून मोठ्याने वाचा, प्रत्येक नावानंतर त्या घरच्याला उभं राहू द्या. मग दोन मिनिटं शांतता. बिगुलवाला मिळाला तर उत्तम, नाहीतर स्पीकरवरची धून आधी जागेवर वाजवून पाहा. दिवस निवडताना २१ जून टाळा, इंदूरला तेव्हा पावसाचा भरवसा नाही. १५ फेब्रुवारी किंवा १ डिसेंबर सोयीचे. झेंडूची फुलं वापरावीत, भारतीय सैनिकांच्या स्मरणासाठी ती आता रूढ झाली आहेत.

परदेशातल्या स्मारकावर जायचं आहे. सोबत काय न्यावं?

भिंतीवरच्या पटलाचा आणि स्तंभाचा क्रमांक आधी लिहून घ्या, नाहीतर क्रांजीला २४ हजार नावांत उन्हात तासन् तास जातात. नर्मदेचं पाणी केबिन बॅगेत १०० मिलिलिटरपर्यंतच चालतं. तेलाचा दिवा, कुंकू, हळद दगडावर ठेवू नका, डाग निघत नाहीत. पायथ्याशी फुलं ठेवा. तिथली माती आणायचा मोह होतो, पण माती परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही आणि विमानतळावर ती काढून घेतली जाते. त्याऐवजी नावाचा सरळ समोरून, सकाळच्या तिरप्या उन्हातला फोटो घरी आणा.

बैरागढला इटालियन कैदी होते म्हणतात. त्यांचे वंशज विचारत आले तर?

खरं आहे. भोपाळजवळच्या बैरागढला दुसऱ्या महायुद्धात इटालियन कैद्यांची छावणी होती, फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. भारतात वारलेल्या इटालियन कैद्यांचं स्मारक मुंबईत शिवडीच्या दफनभूमीत आहे, तिकडे पाठवा. जमेल तेवढी वाटाड्याची मदत करा. आपली माणसं आव्हेझ्झानोला होती, त्यांची माणसं आपल्या दारात होती.

आता कोणाशी बोलायचं राहिलं आहे?

कैद्यांच्या मुलामुलींशी, आणि हे काम सगळ्यांत आधी करा. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांची मुलं आता ऐंशीच्या आसपास आहेत. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर टॉवेलच्या घडीवर ठेवा. पाऊण तासाहून जास्त बसू नका. ‘त्यांना कसं वाटायचं’ असं विचारलं तर ‘काही बोलायचे नाहीत’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी वस्तू आणि सवयी विचारा : ताटात अन्न टाकू द्यायचे का, भात खायचे की सोडला होता, पाय सुजायचे का, कोणती परकी भाषा दोन शब्द बोलायचे, रात्री दार आतून लावू द्यायचे का. पाय सुजणं हे बेरीबेरीचं, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ च्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. पूर्वेकडच्या छावण्यांत, नुसत्या पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्यांना ते फार व्हायचं. इटालियन शिवी किंवा जपानी आकडे कोणाला आठवले, तर छावणी कुठली ते अर्धं सापडलं.

फोटो आणि कागद ६०० डीपीआयने, दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. लॅमिनेशन करू नका आणि फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नका, दोन्ही पुढे कागद खातात. मूळ कागद जाड कोऱ्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह, लोखंडी ट्रंकेऐवजी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. स्कॅनच्या नावात ‘आजोबा १’ असं न लिहिता पूर्ण नाव, पलटण आणि वर्ष लिहा, म्हणजे दुसऱ्या शहरातल्या चुलत घरालाही ते सापडेल.